वाचकांचे प्रश्न: डोक्याला मार बसलाय, बर्फ लावू का?

गेल्या अंकात शाळकरी खेळाडूंच्या गुडघा-घोट्याच्या दुखापतींवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी डोक्याबद्दल. त्यात तिघाचौघांनी तो एकच व्हिडिओ पाठवलाय, परदेशात पोरांच्या डोक्याला थंड टोपी घालतात तो, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. मधुमेहवाल्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे, 14 वर्षांचा, शाळेच्या कबड्डी टीममध्ये खेळतो. मागच्या आठवड्यात पकड करताना समोरच्या पोराचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. बेशुद्ध पडला नाही पण थोडा वेळ "स्कोर किती झाला, स्कोर किती झाला" तेच तेच विचारत होता. सीटी स्कॅन नॉर्मल आला, तिथले डॉक्टर म्हणाले कन्कशन आहे, होईल बरा. पण डोकं अजून दुखतंय, उजेड नको म्हणतो, चिडचिड करतो. माझ्या जावेच्या भावानं व्हिडिओ पाठवलाय, डोक्याला आणि मानेला गार पाणी फिरणारी टोपी घालतात आणि पोरं लवकर बरी होतात म्हणे. अशी टोपी पुण्याला मिळते का? आम्ही जायला तयार आहोत. नाही तर घरी बर्फानं तसंच केलं तर चालेल का?
(एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, टोपीसाठी पुण्याला जाऊ नका. आधी हे सांगून टाकतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही गाडी बुक कराल.

सीटी नॉर्मल म्हणजे आत रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, एवढं कळलं आणि ते चांगलंच आहे. पण कन्कशन, म्हणजे धक्क्यानं मेंदूचं काम काही दिवस बिघडणं, ते सीटीत दिसतच नाही. धक्का बसला की मेंदूच्या पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि हे सगळं परत जागेवर आणायला पेशींना एकदम भरपूर ऊर्जा लागते, नेमका त्याच वेळी तिकडचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर फ्रीज, गीझर, मिक्सर सगळं एकदम लावलं तर काय होईल, तसं काहीसं. म्हणून पोरगं थकतं, चिडतं, उजेड नको म्हणतं, आणि फोटोत मात्र सगळं जागच्या जागी दिसतं.

आता थंडाव्याची आयडिया इथूनच आलीय आणि ती वेडगळ अजिबात नाही. तापमान एक डिग्रीनं उतरलं की मेंदूचा ऊर्जेचा खर्च साधारण 6-7 टक्क्यांनी कमी होतो. मग खर्च कमी केला तर मेंदूला सावरायला वेळ मिळेल, असा तो हिशोब. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रॉन गावात मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथं किशोरवयीन खेळाडूंवर याची छोटी ट्रायल झाली, काहींना नेहमीचा आराम, काहींना आरामाबरोबर डोकं आणि मान थंड करणं. थंड केलेल्या मुलांनी त्रास कमी झाल्याचं सांगितलं. स्वीडनमध्ये आइस हॉकीवाल्यांनी पण करून बघितलं, टोपीवाले खेळाडू सरासरीनं थोडे लवकर मैदानावर परतले, पण तिथं कोणाला टोपी घालायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, ज्या टीमकडे मशीन होतं त्यांनी वापरलं. तुमच्या व्हिडिओत "लवकर बरी होतात" म्हणतात ते एवढ्यावरच. आशा वाटावी एवढं आहे, पण मुलाला उचलून दुसऱ्या गावाला न्यावं एवढं नाही.

घरी बर्फ? कपाळावर, मानेवर गार कपडा ठेवला आणि त्याला बरं वाटलं तर खुशाल ठेवा. बर्फ असेल तर पंचात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही. फक्त एक लक्षात ठेवा ताई, आणि हे मी आज परत परत सांगणार आहे: गार लागल्यानं डोकं दुखायचं थांबलं म्हणजे मेंदू सावरला असं नाही. दुखणं दबलं की पोरगं म्हणतं "आई मी ठीक आहे, उद्या प्रॅक्टिसला जातो", आणि मला भीती त्या वाक्याची आहे, बर्फाची नाही.

तुमच्या मुलाचा आठवडा झालाय, तर आता अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू नका. पूर्वी आम्ही डॉक्टर लोक तेच सांगायचो, पूर्ण आराम, पुस्तक नको, मोबाईल नको, मित्र नको. मग 2015 मध्ये अमेरिकेत कोणीतरी ते खरंच तपासून बघितलं, 11 ते 22 वयाच्या मुलांना दोन गटांत वाटलं, एकाला पाच दिवस कडक आराम आणि दुसऱ्याला एक-दोन दिवस आराम मग हळूहळू रोजचं, तर कडक आरामवाल्या मुलांनीच जास्त त्रास सांगितला. आता पहिले 24 ते 48 तास निवांत, स्क्रीन कमी, आणि मग हळूहळू चालणं-फिरणं सुरू, असं सांगतात. म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत त्याला सिद्धेश्वर तलावाकडे एक चक्कर मारायला न्या. थोडं डोकं दुखलं तर घाबरू नका, खूप वाढलं तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी कमी चाला. शाळेत आधी अर्धा दिवस पाठवा. बहुतेक मुलं चार आठवड्यांत ठीक होतात, पण हा महिनाभरानं पण असाच राहिला तर मेंदूच्या किंवा मुलांच्या डॉक्टरला परत दाखवाच.

प्रश्न: सर, मी खो-खो आणि कबड्डी शिकवतो. पोल डाईव्ह मारताना पोरं खांबाला डोकं आपटून घेतात, वर्षातून चार-पाच केस होतातच. आमच्या मैदानाबाहेर रसवंती आहे, तिथनं बर्फ आणतो, टॉवेलात बांधून डोक्याला लावतो, पाच-दहा मिनिटांत पोरगं ताजंतवानं होतं आणि म्हणतं सर आत घ्या. घेतो. आजपर्यंत काही झालं नाही. यात चुकीचं काय?
(एक क्रीडाशिक्षक, सोलापूर)

उत्तर: सर, बर्फात काही चुकीचं नाही, "घेतो" मध्ये आहे.

रसवंतीवाल्याची ती ताटातली लादी, वर पोतं टाकलेलं, ती फोडून आपल्या सोलापुरी टॉवेलात बांधायची, टेंगूळ उतरतं, दुखायचं कमी होतं, सगळं बरोबर. पण बर्फ काम करतोय कातडीवर आणि टेंगळावर. मेंदू त्याच्या खाली, कवटीच्या आत, आणि आतून सतत गरम रक्त येत असतं, त्यामुळं पाच मिनिटं वरनं थंड करून आतलं तापमान हलत नाही. त्या परदेशी टोपीवाल्यांनी मानेला पण गार का केलं, तर मेंदूकडं जाणारं रक्तच वाटेत थोडं गार व्हावं म्हणून, आणि एवढं करून पण मेंदूच्या आत नक्की किती डिग्री उतरतं यावर अजून वाद चालूच आहे. तुमच्या टॉवेलाला त्यात पडायचं काही कारण नाही.

नियम एकच ठेवा: डोक्याला मार बसला आणि पोरगं गडबडलं, तोल गेला, एकटक बघत बसलं, तेच तेच विचारलं, डोकं धरलं, उलटी आली, यातलं काहीही झालं की त्या दिवशी तो खेळाडू बाहेर. फायनल असू दे, पार्क स्टेडियमवर आमदार बसलेले असू दे. पहिल्या धक्क्यातून सावरायच्या आत दुसरा बसला तर त्रास कितीतरी लांबतो, आणि क्वचित कोवळ्या मुलांत मेंदूला एकदम सूज येऊन जीव पण गेलाय.

परत घेताना सहा पायऱ्या आहेत, 2022 मध्ये आम्स्टरडॅमला जगभरचे कन्कशनचे तज्ज्ञ बसून परत एकदा ठरवल्या. आधी घरातलं रोजचं, मग चालणं किंवा सायकल, मग एकट्यानं पळणं-वळणं, मग टीमबरोबर पण अंगाला अंग न लागता, मग डॉक्टरनं हो म्हटल्यावर पूर्ण प्रॅक्टिस, आणि मग मॅच. प्रत्येक पायरीला निदान 24 तास. खो-खोत तुम्हाला सोपं आहे, चौथ्या पायरीपर्यंत पोल डाईव्ह बंद, नुसतं चेन आणि रिंग पळू द्या. कबड्डीत पोरगं स्वतःच घुसतं, तिथं डोळ्यात तेल घालून बघावं लागेल.

आणि मान दुखतेय म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला, तर त्याला उचलून कडेला आणू नका, आहे तिथंच ठेवा आणि 108 ला फोन करा. फिट आली, परत परत उलट्या व्हायला लागल्या, डोकेदुखी वाढतच चालली, एक बाहुली मोठी एक लहान दिसली, झोपेतून नीट उठत नाही, बोलणं अडखळतं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येतं, तर बर्फ शोधत बसू नका, सरळ सिव्हिल नाही तर जवळचं मोठं हॉस्पिटल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं आणखी एक गोची होते, पोरानं दुपारी उलटी केली की सगळे म्हणतात ऊन लागलं, सकाळी डोकं आपटलेलं कोणी सांगतच नाही. 43 डिग्रीत ऊन पण लागतं, मान्य, पण विचारा तरी.

प्रश्न: नमस्कार, मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. आम्हाला शिकवलंय की जन्मल्यावर न रडलेल्या बाळांना थंड करून मेंदू वाचवतात. मग कन्कशनला थंडावा चालतो की नाही हे ठरवायला एवढी वर्षं का लागतायत? औषध नाही, सुई नाही, नुसतं गार करायचंय. करून बघायला काय जातंय?
(एक विद्यार्थिनी, होटगी रोड)

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, त्यामुळं उत्तर लांबणार आहे.

"करून बघायला काय जातंय" हे वाक्य मेंदूच्या बाबतीत दोनदा महाग पडलंय. 2008 मध्ये कॅनडा, इंग्लंड आणि फ्रान्समधल्या हॉस्पिटलांनी मिळून केलेली ट्रायल छापून आली, डोक्याला जबर मार लागून कोमात गेलेली 225 मुलं, निम्म्यांना 24 तास 32.5 डिग्रीवर ठेवलं. सगळ्यांना वाटत होतं फायदा होणार, प्राण्यांवरचे प्रयोग छान आले होते. निघालं उलटं. सहा महिन्यांनी थंड केलेल्या गटात वाईट अवस्था 31 टक्के, न केलेल्यात 22 टक्के. थंड केलेल्यांत 23 मुलं गेली, न केलेल्यांत 14. हा फरक नुसता योगायोगाचा असू शकतो असं आकडेशास्त्र म्हणतं, पण फायद्याचं नाव नाही हे नक्की. मोठ्यांवरच्या ट्रायल्समधून पण तेच आलं.

दुसरं तुझ्या बाळांचं. तुला शिकवलंय ते खरं आहे, श्रीमंत देशांत 33.5 डिग्रीवर 72 तास, जन्मल्यापासून सहा तासांच्या आत, आणि त्यानं बाळं वाचतात. मग तेच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशच्या हॉस्पिटलांत तपासलं, 408 बाळं, 2021 मध्ये निकाल आला. दीड वर्षानं बघितलं तर थंड केलेल्यांत 42 टक्के बाळं गेलेली, न केलेल्यांत 31 टक्के. तेच तापमान, तेवढेच तास. आपल्याकडच्या बाळांच्या मेंदूची इजा कधी आणि कशी झालेली असते तेच वेगळं असावं, असं त्या लोकांचं म्हणणं. म्हणजे तिकडं चाललं म्हणून इकडं चालेल हे पण गृहीत धरायचं नाही, आणि हे आपल्याच पोरांवर मोजून कळलंय.

आता कन्कशनची टोपी एवढी धोक्याची नाही हे मी मान्य करतो, त्यात अख्खं शरीर गार करत नाहीत, थोडा वेळच घालतात, हुडहुडी भरली तर काढतात. तिथं अडचण वेगळीच आहे. कन्कशन झालेली बहुतेक पोरं काहीच न करता बरी होतात, म्हणून तुलना करायला दुसरा गट लागतोच, नाही तर टोपी घाल नाही तर नारळ फोड, महिन्यानं 100 तले बरेचसे बरे होतातच. त्यात मोजायचं कशानं? रक्ताची सर्रास चालणारी टेस्ट नाही, सीटी नॉर्मल. मग पोराला विचारायचं, 22 लक्षणांची यादी असते, डोकं दुखतंय का, चक्कर येते का, उजेड खुपतो का, झोप कशी आहे, प्रत्येकाला 0 ते 6, एकूण 132. हा आकडा पोराच्या तोंडून येतो. आणि ज्याच्या डोक्यावर गार टोपी आहे त्याला माहीत असतं की आपल्याला नवीन मशीन लावलंय, गोळीसारखी खोटी टोपी बनवता येत नाही, गार ते गार लागतंच. त्यात बाहेर गरम होत असताना डोक्याला गार लागलं तर कोणाला बरं वाटणार नाही? मलाही घाला.

म्हणून टोपी काढल्यावर लगेच स्कोर कमी आला यावर मी फार विश्वास ठेवत नाही. मला बघायचंय ते दहाव्या, पंधराव्या, तिसाव्या दिवशी काय, शाळेत पूर्ण वेळ कधी बसायला लागला, आणि हे तपासणाऱ्याला कोणी टोपी घातली होती ते माहीत नसताना काय निघालं. नुसत्या "बरं वाटलं" आणि "बरं झालं" मधला फरक काढायला अशीच ट्रायल लागते, आणि त्यासाठी शेकड्यांनी मुलं, तीपण मार लागल्यावर लवकर हाताशी यायला हवीत. आपल्याकडं पोरं चौथ्या दिवशी येतात, आधी मालिश झालेली असते.

आणि नीट मोजलं की साध्या गोष्टी पण पास होतात हं. 2019 मध्ये 13 ते 18 वयाच्या 103 खेळाडूंची ट्रायल आली, कन्कशननंतर काहींना रोज हलका व्यायाम दिला, डोकेदुखी वाढणार नाही एवढ्याच बेतानं, आणि काहींना नुसतं स्ट्रेचिंग. व्यायामवाले साधारण 13 दिवसांत बरे, स्ट्रेचिंगवाले 17. चालायला ना मशीन लागतं ना टोपी, म्हणून याचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही.

प्रश्न: आमच्या लहानपणी डोकं आपटलं की कांदा फोडून हुंगवायचे, टाळूवर तेल थापायचे, झोपू द्यायचे नाहीत. आता नातवाच्या बाबतीत सूनबाई काही करू देत नाही.
(एक आजोबा, बाळीवेस)

उत्तर: आजोबा, सूनबाईंचं बरोबर आहे. कांदा हुंगून काही होत नाही, तेल चोळताना मार लागलेल्या जागी दाब पडतो. झोपू द्या, डॉक्टरनं बघितलं असेल आणि नातू नीट बोलत-चालत असेल तर झोप चांगलीच, पहिल्या रात्री डॉक्टरनं सांगितलं तर एक-दोनदा उठवून बघा ओळखतोय का.

प्रश्न: मी 16 वर्षांची आहे. स्कूटीवर मागे बसले होते, विजापूर रोडला गतिरोधकावरून पडले, हेल्मेट नव्हतं. तीन आठवडे झाले. वाचायला बसलं की अर्ध्या तासात डोकं दुखतं, अक्षरं हलल्यासारखी वाटतात. घरचे म्हणतात अभ्यास नको म्हणून नाटक करते. मी रोज रात्री फ्रीजमधला जेलचा पॅक डोक्यावर ठेवून अभ्यास करते, मग दीड-दोन तास जमतं. हे चालेल का?

उत्तर: बाळा, नाटक नाहीये हे. हे उत्तर आईबाबांना वाचायला दे.

पॅक ठेवून अभ्यास नको करू. गार लागल्यानं दुखणं मागं सरतं आणि तू तुझ्या झेपण्याच्या पुढं जातेस, मग दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड, बरोबर ना? उलटं कर. वीस-पंचवीस मिनिटं वाच, उठ, गच्चीवर पाच मिनिटं चाल, परत बस. दुखणं थोडंसं वाढलं आणि तासाभरात उतरलं तर चालतंय, त्याच्या पुढं गेलं तर तुकडा छोटा कर. पॅक ठेवायचाच तर अभ्यास संपल्यावर. पॅरासिटामॉल डॉक्टरला विचारून, रोज रोज नको, रोजच्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं कधी कधी. अक्षरं हलतात म्हणतेस, ते डोळ्यांच्या आणि तोलाच्या तपासणीचं काम आहे, त्यावर व्यायाम असतात आणि त्यानं फरक पडतो. शाळेत पेपरला जादा वेळ मिळतो का ते मुख्याध्यापकांना विचारा, त्यासाठी डॉक्टरचं पत्र लागेल, तेवढं घेऊन ठेवा. आणि स्कूटीवर मागे बसणाऱ्याला पण हेल्मेट लागतं, हे गाडी चालवत होते त्यांनी पण वाचावं.

प्रश्न: समजा उद्या आपल्याकडं अशी ट्रायल सुरू झाली आणि माझ्या मुलाला घ्यायचं म्हणाले, तर द्यावं का? लोक म्हणतात उंदीर बनवतात.
(एक वडील, अक्कलकोट रोड)

उत्तर: मी दिला असता, काही गोष्टी बघून. आपल्याकडं प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, 2009 पासून सक्तीचं आहे, वेबसाईट फुकट आहे, नंबर मागा आणि स्वतः उघडून बघा. एथिक्स कमिटीची, म्हणजे ट्रायल मुलांसाठी योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीची, परवानगी विचारा. कागद मराठीत हवा, घरी नेऊन वाचायला मिळाला पाहिजे, "इथं सही करा" एवढंच म्हणत असतील तर उठून या. सही तुमची, पण सात वर्षांवरच्या मुलाला पण विचारावं लागतं आणि 12 च्या पुढचा असेल तर त्याची लेखी तयारी लागते, तो नको म्हणाला तर नको. मध्येच बाहेर पडायची मुभा असते, आणि पडलात म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळं काही इजा झाली तर नियमांप्रमाणं उपचार फुकट आणि भरपाई पण. चिठ्ठीत टोपी न घालणारा गट आला तर नाराज होऊ नका, त्या गटाला पण नीट तपासणी आणि फॉलोअप मिळतो, जो एरवी आपल्याकडं कन्कशनच्या पोरांना क्वचितच मिळतो.

आणि "ट्रायल आहे" म्हणून कोणी टोपीचे पैसे मागितले, पॅकेज सांगितलं, तर ती ट्रायल नाही, विक्री आहे. पावती मागा आणि मला कळवा.